लाल अक्षरांतलं पाणी

परवा भर दुपारी मी आमची अख्खी गल्ली उन्हात पळवली. मुद्दाम नव्हे. मुद्दाम काही करून दाखवण्याची माझी ख्याती नाही. झालं एवढंच, की जारवाला दारात पाण्याचा जार ठेवून गेला आणि आतल्या खोलीतून बायकोनं मोबाइलवर विचारलं, 'कोण आलं?' एका घरात राहून आम्ही हल्ली मोबाइलवर बोलतो, कारण दोघांनाही एकमेकांची हाक नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी उठवत नाही. मी चष्मा न लावता उत्तर टाकलं, 'पाणी आलं.' ते बायकोकडं न जाता गल्लीच्या ग्रुपवर गेलं.

नळाला पाणी कधी येईल हे ज्या गावात पंचांगवाल्यालाही सांगता येत नाही, तिथं हे दोन शब्द म्हणजे आगीचा बंब. दारं उघडली, मोटारी घरघरल्या, समोरचे निवृत्त मास्तर पाइपाचं वेटोळं गळ्यात घालून महादेवासारखे बाहेर आले. कोरड्या नळांनी नुसती हवा ओकली. मग सगळ्यांनी मोबाइल बघितले, आणि मग सगळ्यांनी आमच्या खिडकीकडं बघितलं. मी पडदा ओढून घेतला. बायको, म्हणजे नंदा, पोट धरून हसत होती. हसणं आवरल्यावर म्हणाली, "आप्पांनी बी हेच केलं व्हतं. पण त्यांनी निदान चष्मा लावून केलं व्हतं."

आप्पा म्हणजे माझे सासरे. काचेच्या नळ्या वाकवून, त्यांच्यात गॅस भरून, विजेवर पेटणारी अक्षरं करणारे. निऑनवाले. आता ते नाहीत. पण पाण्याचा दुष्काळ पडला की ते आमच्या घरात येऊन बसतात. सुकाळात येत नाहीत. सुकाळात त्यांना काही काम नसावं.

यंदा लातूरला पाणी रेल्वेनं आलं. लांबचा मानाचा पाहुणा यावा तशी माणसं बघायला गेली. मीही गेलो. वाघिणींच्या, म्हणजे पाण्याच्या टाक्यांच्या डब्यांच्या, अंगावर दव धरलं होतं आणि एक म्हातारी त्या दवाला बोट लावून ते बोट डोळ्यांना लावत होती. परतताना तोंडात मातीची चव आली आणि मी थबकलो. ही चव ओळखीची होती. लोकांना जुने दिवस डोळ्यांसमोर दिसतात म्हणे. मला तो एक उन्हाळा जिभेवर येतो. कितीही चूळ भरा, जात नाही. आणि चूळ भरायला तेव्हा पाणी तरी कुठं होतं!

तेव्हा लातूर जिल्हा नवानवा झाला होता. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं लागतात, नव्या कार्यालयांना कारकून लागतात. वीज मंडळानं नांदेडहून जे कारकून उचलून लातूरला आणून टाकले त्यांत मी होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हळद उतरली होती, पण रुबाब उतरला नव्हता. खोली मिळेपर्यंत चार दिवस सासुरवाडीत राहावं असं ठरलं आणि मी अख्खा उन्हाळा तिथंच राहिलो. गल्लीनं दुसऱ्याच आठवड्यात मला 'घरजावई' ही पदवी बहाल केली. मी नांदेडचा, गोदावरीकाठचा. येता-जाता 'आमच्याकडं नदी आहे' असं सांगायचो. पुढं एक दिवस सासूबाई, ज्यांना सगळे अव्वा म्हणत, शांतपणे म्हणाल्या, "मग येताना एक घागर घेऊन यायची की, जावईबापू." त्यानंतर मी नदीचं नाव काढलं नाही.

नव्या जिल्ह्याची खरी चंगळ झाली ती रंगारी लोकांची. शाळा, सोसायट्या, दवाखाने, दुकानं, जिथं तिथं पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' करायचं होतं. गावात चहूकडं ऑइलपेंटचा वास सुटला होता. उस्मानाबाद नीट पुसलं जायचं नाही, लातूरच्या खालून डोकावत राहायचं. आप्पा ते बघून नाक मुरडायचे. "रंगाचं काय हाय, जावईबापू, जुनं झाकायचं आन वर नवं ठोकायचं. काचेत तसं चालत न्हाई. काच एकदाच बोलती."

आप्पा मूळचे उदगीरकडचे. घरात महादेवाची भक्ती आणि भुसाराची आडत. डाळीची पोती घेऊन पोरवयात हैदराबादला गेले आणि तिथल्या एका बाजारात दिवेलागणीला एका हॉटेलच्या माथ्यावर लाल अक्षरं पेटलेली बघितली. डाळ पोचती झाली, आप्पा परत आले नाहीत. एका उस्तादाच्या कारखान्यात राहिले. आधी नुसती झाडलोट, मग पायानं भाता हलवायचा, मग कधीतरी ज्योतीवर नळी धरायला मिळाली. ज्योतीत काच मऊ झाली की ती वाकवायची. वाकवताना पोकळी चेपून जाऊ नये म्हणून नळीच्या टोकाला लावलेली रबरी नळी ओठांत धरून आतून हळूच वारं सोडायचं. आप्पांनी पहिल्या दिवशी गाल फुगवून फुंकलं तेव्हा नळीला टेंगूळ आलं. उस्ताद म्हणाला, "फूँक मारनेका नक्को मियाँ. साँस देनेका." हे वाक्य आप्पा कुठंही वापरायचे. मी गरम चहावर फुंकर मारली तरी म्हणायचे, "साँस द्या, जावईबापू, साँस."

उस्तादाकडं उर्दू आणि इंग्रजी अक्षरं व्हायची. मराठी कुणी करत नव्हतं. आप्पांना आपल्या अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघेनं वर्षभर छळलं. बाकीच्यांची अक्षरं जमिनीवर उभी राहतात, आपली दोरीवरच्या धोतरासारखी वरून लोंबतात. एकच नळी वरच्या रेघेतून उतरवायची, अक्षर काढायचं, पुन्हा वर न्यायची, पुढं सरकायचं. येण्याजाण्याच्या वाटा दिसल्या तर अक्षराचा गुंता होतो. म्हणून नळीच्या तेवढ्या भागाला वरून काळा रंग द्यायचा. उजेड त्या भागातही असतो, पण झाकलेला. मला त्यातलं काही येत नव्हतं, पण एवढं मनात बसलं, की वाचता येईल असं एक अक्षर काढायचं तर बराच उजेड झाकावा लागतो. नंतर लिहिताना हे मला नेहमी आठवतं आणि मी नेहमी विसरतो.

हैदराबादहून आप्पा नांदेडला आले. तिथल्या एका टॉकीजवर त्यांनी केलेली अक्षरं होती. मी लहानपणी त्या लाल उजेडाखाली उभा राहून शेंगदाणे खाल्लेले आहेत. आपल्या होणाऱ्या सासऱ्याच्या उजेडात आपण उभे आहोत हे तेव्हा कळायला हवं होतं. सलाम तरी केला असता. लातूर जिल्हा होणार अशी हवा उठली तेव्हा आप्पांनी नांदेडचं बिऱ्हाड गुंडाळलं. म्हणाले, "जिल्हा झाला म्हंजी लॉजिंग येणार, कापडाची दुकानं येणार, पाट्या लागणार." भाता, पंप, ट्रान्सफॉर्मर आणि गोधडीत गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या ट्रकमध्ये घालून आले. आणि त्यांच्या पाठोपाठ दुष्काळ आला. पाट्या रंगाऱ्यांना मिळाल्या. दिव्याची पाटी कुणाला हवी होती? घराला लागून पत्र्याखाली थाटलेल्या कारखान्यातला भाता गार पडला. आप्पा रोज सकाळी नळ्यांवरची धूळ पुसायचे, संध्याकाळी परत पुसायचे.

गल्लीत पाणी टँकरनं यायचं. चौकातल्या कडुलिंबाखाली टँकर थांबायचा आणि जो समोर असेल त्याची भांडी भरून, कुणी उरलं नाही की पुढच्या गल्लीला जायचा. कधी येईल याला धरबंद नव्हता. सकाळी, दुपारी, दिवे लागताना, केव्हाही. म्हणून बाया घागरी मांडून दिवसदिवस लिंबाखाली बसून राहायच्या. मजुरीवर जाणारी मजुरी सोडून बसायची. चौकाच्या कोपऱ्यावर शरीफाबीचं बांगड्यांचं दुकान होतं. नंदाच्या हातातला चुडा तिनंच भरलेला. ती दुकानाला कुलूप लावून घागरीशेजारी बसायची आणि सगळ्यांच्या वतीनं सरकारला, आभाळाला आणि टँकरवाल्याला शिव्या द्यायची. तिचा आवाज आमच्या कारखान्यातल्या काचा हलवायचा.

एका दुपारी अव्वा रांगेत बसल्या बसल्या कलंडल्या. शरीफाबीनं आणि नंदानं त्यांना धरून घरी आणलं. कांदा हुंगवला, तळव्यांना काशाची वाटी घासली. डोळे उघडल्यावर अव्वांनी पहिलं विचारलं, "घागर कुठं हाय? नंबर गेला का?"

आप्पा उंबऱ्यात बसले होते. ते उठून आत आले. मग म्हणाले, "वाट बघणं हे माणसाचं काम न्हाई. वाट दिव्यानं बघावी. माणसानं आपलं काम करावं."

त्यांनी ठरवलं ते असं. कारखान्याच्या पत्र्यावर, चारी गल्ल्यांतून दिसेल अशा उंचीवर, एक शब्द लावायचा. पाणी. टँकर लिंबाखाली आला की बटण दाबायचं. लाल अक्षरं दिसली की घरातून निघायचं. तोवर कुणी उन्हात बसायचं नाही.

मी वीज मंडळातला असल्यामुळं आपणही काही बोललं पाहिजे असं मला वाटलं. म्हणालो, "लाल कशाला आप्पा? निळा करा. पाणी निळं असतं."

"लातूरचं पाणी निळं? कवा बघितलाव तुम्ही?"

"चित्रात तसं असतं."

"मग चित्रातलं प्या," अव्वा आतून म्हणाल्या.

खरं म्हणजे हैदराबादहून आणलेल्या गॅसच्या बाटल्यांपैकी एकच उरली होती, आणि ती लालची होती. धुळीतून लांबवर दिसतो तोही लालच. निळ्याचा विषय तिथं संपला.

पण अडचण वेगळीच होती. नळीतली हवा पूर्ण ओढून काढल्याशिवाय गॅस भरता येत नाही, आणि हवा ओढणारा आप्पांचा पंप तापायचा. तो तापू नये म्हणून त्याच्या अंगावरून सतत पाण्याची धार लागायची. पाण्याची पाटी करायला पाणी! गल्लीत ही बातमी फिरली तेव्हा हसावं की मारावं हे लोकांना कळेना. कुणी म्हणालं, आप्पाला ऊन लागलं. शरीफाबी दारात येऊन म्हणाली, "आप्पा, पीने कू पानी नहीं और तुम मशीन कू नहलाते? हौले, पागल हुए क्या?"

"मशीन पीत न्हाई, बी," आप्पा म्हणाले. "नुसतं हात धुतंय आन परत देतंय."

तसंच केलं. एक रांजण वर, एक घमेलं खाली. वरचं पाणी पंपावरून खाली यायचं, खालचं आम्ही तांब्यानं पुन्हा वर ओतायचं. जे उडून जाईल ते भरून काढायला माझं अंघोळीचं पाणी. लातूरच्या जावयाला तेल लावून, घंगाळात ऊन पाणी काढून न्हाऊ घालतात. मला परातीत उभं केलं. परातीतलं पाणी गाळून रांजणात. साबण लावायची सक्त मनाई, कारण फेस पंपाला चालत नव्हता. नंदा दाराबाहेरून ओरडायची, "साबणाला हात लावला न्हाई ना?" मी वासाचा कारकून म्हणून त्या उन्हाळ्यात कार्यालयात ओळखला गेलो, आणि खिडकीजवळची जागा मला आपोआप मिळाली.

नळी वाकवताना आप्पा वेगळेच दिसायचे. एरवी ते खोकत, कुंथत चालायचे. ज्योतीसमोर बसले की खांदे सरळ. ओठांत रबरी नळी, बोटांत काच, डोळे ज्योतीवर. काच आधी पिवळी, मग केशरी, मग अंगात आलेल्या माणसासारखी सैल. आप्पा वाकवायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात आम्ही सगळे श्वास धरून उभे. नंदाला भाता मारायची सवय होती, ती ज्योतीकडं न बघता त्यांच्या पाठीकडं बघून भाता कमीजास्त करायची. मी तांब्या घेऊन पंपापाशी. अव्वा दारात कुणाला येऊ न देण्यासाठी. एवढ्या माणसांनी मिळून एक शब्द लिहिलेला मी पुन्हा कधी बघितला नाही. मी तर एकट्यानं पानंच्या पानं लिहितो, आणि ती कुठं पेटतात?

हवा ओढताना नळी विजेचा मोठा झटका देऊन तापवायची. काच आतून स्वच्छ झाली की नाही हे कळण्यासाठी नळीवर कागदाचा कपटा ठेवायचा. तो करपला की झालं. कपट्यांसाठी घरात उरलेल्या लग्नपत्रिका होत्या. आमच्याच. आप्पांनी कात्रीनं बरोबर माझ्या नावाची पट्टी कापली. वर ठेवली. थोड्या वेळात माझं नाव तपकिरी झालं, काळं झालं, वळलं. आप्पा समाधानानं म्हणाले, "जावईबापू करपले. आता गॅस सोडा."

नळी वर बसली ती एका शनिवारी. आठवडाभर आप्पा घरोघर सांगत फिरले होते, लाल पाणी दिसलं की या, तोवर येऊ नका. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि घागरी घेऊन लिंबाखाली बसत. पण शनिवारी पाटी वर चढलेली दिसली तसं वातावरण बदललं. बाया म्हणाल्या, बघू तरी. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी लिंबाखाली कुणी नव्हतं. नुसती सावली बसली होती.

उस्तादाचा एक नियम होता. नवी भरलेली नळी जिथं राहायची तिथं नेऊन लावायची आणि रंग मुरेपर्यंत पेटती ठेवायची. मध्ये विझवली तर नळी मरते. आप्पांनी आयुष्यभर प्रत्येक नळीला हे केलं होतं. उन्हं उतरली तसं त्यांनी चष्मा पुसला, महादेवाला हात जोडले आणि बटण दाबलं. आधी नळीत लाल गोळे पळाले, मुंग्या बिळात जाव्यात तसे. मग ते एकमेकांत मिसळले आणि धुळकट आभाळाखाली पाणी पेटलं. इतकं सुरेख दिसलं, की आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही आपण काय केलं ते.

आधी एक घागर आली. तिच्यामागं दहा. मग सगळ्या तोंडांनी गल्ल्या ओतल्या. कडेवर पोरं, डोक्यावर हंडे, हातात डबे, बादल्या, एकाच्या हातात तर पाळण्याखालची परात. धावत, धापा टाकत, हसत. लिंबाखाली आले आणि थांबले. लिंबाखाली काहीच नव्हतं.

"टँकर कुठाय?"

वर अक्षरं शांतपणे जळत होती.

शरीफाबी पुढं आली. "क्या आप्पा, मज़ाक है क्या? चूल्हे पे दाल छोडके आए सो लोगां हैं ये."

"दिवा मुरायला लावलाय, बी. नवी नळी हाय. टँकर न्हाई आला."

"तो बुझाओ!"

"विझवता येत न्हाई. विझवली तर मरती."

"नळी मरती?" मागून एक बाई किंचाळली. "आन आम्ही काय जगायलाव का हितं?"

मी बघत होतो. माणसं रागावली असती तर परवडलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग थोडाच होता, बाकी नुसतं ओशाळलेपण होतं, धावल्याचं. आनंदानं धावल्याचं. आणि मला कळलं, की ही पाटी पेटल्या दिवशीच खोटी ठरली. उद्या खरा टँकर आला तरी हिच्याकडं बघून कुणी उठणार नाही. बाया पुन्हा उन्हात बसणार. अव्वाही बसणार. गॅसची बाटली रिकामी होती. दुसरी नळी होणार नव्हती.

आप्पा आत गेले. मला वाटलं बटण बंद करायला गेले. ते काळ्या रंगाचा डबा आणि बांबूला बांधलेला कुंचला घेऊन बाहेर आले, शिडी लावली आणि वर चढले. सगळ्या गल्लीदेखत त्यांनी पेटत्या अक्षरांवर काळा रंग द्यायला सुरुवात केली. आधी प गेला. मग काना. हळूहळू, एकही थेंब खाली न सांडता. शेवटची वेलांटी झाकली तेव्हा पाणी दिसेनासं झालं. पण ट्रान्सफॉर्मरची गुणगुण चालू होती. आत नळी पेटलेलीच होती.

आप्पा उतरले. हात काळे, मिशी काळी. म्हणाले, "मुरली की रंग खरडून काढतो. माझी चूक झाली."

"और बाद में फिर तुमकू जलाने का मन हुआ तो?" शरीफाबीनं विचारलं.

"बटण माझ्याकडं ठेवतच न्हाई. तुमच्या दुकानात घ्या. तुम्हाला टँकर समोर दिसला तर लावा, न्हाई दिसला तर हात लावू नका."

ती हसली नाही. "सोच लो आप्पा. मैं अपने बाप के वास्ते भी झूठ नहीं जलाने की."

"म्हणूनच द्यायलोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकातून वायर ओढली. वीज मंडळाचा माणूस म्हणून मी वायरीचं एक टोक धरून उभा होतो. दुसरं काही येत नव्हतं. बटण बांगड्यांच्या मांडणीखाली बसवलं. आप्पांनी केरोसिन आणि पात्यानं अक्षरं खरडून लख्ख केली.

टँकर त्यानंतर एका संध्याकाळी आला, दिवेलागणीला. शरीफाबीनं आधी जाऊन टँकरच्या पोटावर थाप मारून बघितली, भरल्याचा आवाज आला, मग परत येऊन बटण दाबलं. पाणी पेटलं. आम्ही कारखान्याच्या दारात उभे होतो.

कुणी आलं नाही.

दारं किलकिली झाली. डोकी बाहेर आली, वर बघितलं, आत गेली. एक जण ओट्यावरूनच म्हणाला, "मुरायला लावलं असंल." आतून हसणं ऐकू आलं. शरीफाबी चौकात उभी राहून ओरडली, "अरे आओ ना, सच्चा है!" पण तिला रोज ओरडताना ऐकून लोकांचे कान निबर झाले होते. टँकरवाला पाइप हातात घेऊन म्हणाला, "कुनी न्हाई ना? मग म्या चाललो म्होरल्या गल्लीला."

मी हाक मारायला तोंड उघडलं. आप्पांनी माझं मनगट धरलं. काच धरणारी बोटं होती ती, मऊ असतील असं वाटायचं. नव्हती.

"हाक मारायची न्हाई."

"आप्पा, टँकर जाईल."

"हाक मारायची व्हती तर नळी कशाला केली?"

त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी हाक गिळली.

तेवढ्यात नंदा आमच्यामधून घागर घेऊन गेली. पाइपाखाली धरली, भरली, कमरेवर घेतली. मला वाटलं घरी आणेल. ती समोरच्या गल्लीत शिरली. पहिल्या दारापुढं थांबली, घागरीत हात घातला आणि उंबऱ्यावर ओंजळभर पाण्याचा सडा टाकला. मग दुसऱ्या दारापुढं. मग तिसऱ्या. तोंडानं अवाक्षर नाही. कितीतरी महिन्यांत त्या गल्लीतल्या एकाही उंबऱ्यानं सडा बघितला नव्हता. ओट्यावरचा तो माणूस ओल्या दगडाकडं बघत राहिला. त्याच्या बायकोनं वाकून दगडाला हात लावला, हात नाकाशी नेला आणि एकदम आत पळाली. परत आली ती हंडा घेऊनच. भांड्यांचा आवाज सुरू झाला. एका घरातून दुसऱ्या घरात, या गल्लीतून त्या गल्लीत. लाल उजेडाखाली टँकरभोवती माणसं जमली. त्यांच्या हंड्यांवर, कपाळांवर, शरीफाबीच्या ओरडणाऱ्या तोंडावर लाल रंग पडला होता आणि पाइपातून पडणारी धार लाल दिसत होती. आप्पांनी माझं मनगट सोडलं तेव्हा तिथं बोटांचे वळ उठले होते.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात लिंबाखाली कुणी बसलं नाही. पुढं लॉजिंगं आली, कापडाची दुकानं आली. आप्पांना पाट्या मिळाल्या, मुदखेड-धर्माबादपर्यंत मिळाल्या. 'पाणीवाले आप्पा' हेच नाव पडलं. मंगल कार्यालयं, मिठाईची दुकानं, एका देवळावरचा ॐ. त्यांनी पुष्कळ शब्द केले. बहुतेक शब्द दुकानदारांचीच आडनावं होती. पण कुणी विचारलं की सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर म्हणायचे, "जे एकदा झाकावं लागलं ते." छातीतला वारा कमी झाल्यावर त्यांनी भाता बंद केला. शेवटच्या दिवसांत नंदा चमच्यानं पाणी पाजायची तेव्हाही ते हळूच, मोजून श्वास घ्यायचे, जणू कुठंतरी काच वाकायची राहिली आहे.

त्या रेल्वेच्या वाघिणींपाशी उभा असताना मला वाटलं, या एवढ्या पाण्याच्या माथ्यावर एक शब्द पेटायला हवा होता. पण तो पेटवायचा हक्क ज्याच्या हातात द्यावा असं कुणी आता राहिलंय का, हा विचार आला आणि मी घरी आलो. आल्यावर हे लिहायला बसलो.

लिहून झाल्यावर नंदाला वाचायला दिलं. ती चष्मा नाकावर ढकलत वाचत गेली. मध्ये एकदा डोळे पुसले, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. कागद खाली ठेवून म्हणाली, "सगळं बरोबर हाय. पण निम्म्यातच सोडलाव की."

"म्हणजे?"

"त्या दिवशी आपल्या घरी पाण्याचा थेंब आला न्हाई, ते कुठं लिहिलंय? माझी घागर सड्यात गेली. अव्वा रांगेत शेवटी, तिचा नंबर आला तवर टँकर रिकामा. अव्वा घागर पालथी घालून बसली व्हती. तेवढ्यात तुम्ही घाम पुसत आत आलाव आन म्हणालाव, 'नंदा, चहा टाक जरा.' तवा आप्पा लई दिवसांनी हसले. म्हणाले, 'आपल्याच घरी उरलं न्हाई म्हंजी पाटी खरी झाली, जावईबापू. चहा उद्या.'"